गाडी बंद पडते, पण कुणी बघत नसताना

कायमची बंद पडलेली गाडी परवडली. टो करून नेता येते, मिस्त्रीपुढे उभी करता येते, चार लोक हळहळतात तरी. पण चालता चालता मधेच बंद पडायचं, जरा वेळ रुसून बसायचं आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पहिल्या सेल्फला चालू व्हायचं, अशी गाडी आपल्याला सगळ्यांसमोर खोटं पाडते. माझी तसली आहे. वय क्लासिक म्हणायचं, आणि वर फ्युएल इंजेक्शनवाली. कंपनीचं नाव सांगत नाही, इतक्या वर्षांनी बिचाऱ्या कंपनीला कशाला दोष द्यायचा.

इंजेक्शन म्हटलं की लोकांना वाटतं गाडी एकदम मॉडर्न. अहो, बॉशची डी-जेट्रॉनिक नावाची इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन सिस्टीम फोक्सवॅगन 1600 मध्ये 1967 साली आली, म्हणजे माणूस चंद्रावर उतरायच्या दोन वर्षं आधी! माझ्या गाडीतली त्याच्या पुढच्या पिढीतली. आत जाणारी हवा एक झडप ढकलते, झडप किती उघडली त्याचा निरोप एका डब्यातल्या कॉम्प्युटरला जातो आणि तो ठरवतो की पेट्रोल किती सोडायचं. कॉम्प्युटर आहे, फक्त त्याला बोलता येत नाही. एका गॅरेजमधला पोरगा हातात स्कॅनर घेऊन डॅशबोर्डखाली वाकला तो बराच वेळ वरच येईना, मग तोंड काढून म्हणाला, सर पोर्ट कुठाय? अरे बाबा, तो तुझा ओबीडी-2 पोर्ट, म्हणजे स्कॅनर जोडायची खाच, अमेरिकेतसुद्धा सक्तीचा झाला 1996 च्या मॉडेलपासून, ही गाडी त्याच्या किती आधीची. त्याने माझ्याकडे जरा दयेनेच बघितलं.

दुसऱ्या गॅरेजमधले मिस्त्री वयाने मोठे होते, त्यांना पोर्टबिर्टची गरजच नव्हती. बॉनेट उघडायच्या आधीच निदान तयार: कचरा आलाय. पेट्रोलमध्ये कचरा. मी म्हटलं फिल्टर नवा आहे. मग लाईनमध्ये कचरा. लाईन साफ केली आहे. मग टाकीत. मी पुढे बोलायला गेलो तर म्हणाले, साहेब, हे इंजेक्शनचं लफडं काढून टाका, कार्बोरेटर बसवून देतो, जन्मभर नाव काढाल. मी गाडी घेऊन निघालो, आणि त्यांच्या दारासमोर ती बंद पडली असती तर माझी बाजू तरी सिद्ध झाली असती, पण नाही, तिथून मस्त घुमत निघाली.

कारण यातली खरी मेख तीच आहे. रात्रभर खुडबुड करणारा उंदीर दिवा लावला की गप्प होतो ना, तसा हा फॉल्ट. गाडी थंड असताना काही नाही. मिस्त्री शेजारी बसला की काही नाही. उन्हात अर्धा-पाऊण तास चालवली, काचा वर, आपण एकटे, आणि मागे घाई असलेली मोठी गाडी, की मग इंजिन गप्प. आणि यावर सल्ला द्यायला शिक्षण लागत नाही. प्लग बदल, कॉईल बदल, पंप बदल, बॅटरी बदल, एकाने तर गाडीच बदल म्हणून सांगितलं. माझं याबाबतीत मत ठाम आहे. काय गेलंय ते कळल्याशिवाय काहीही बदलायचं नाही, नाहीतर सगळे पार्ट नवे होतात आणि फॉल्ट तेवढा ओरिजिनल राहतो.

म्हणून मी मल्टीमीटर घेऊन स्वतःच बसलो. आधी हवा. या सिस्टीमला हवा मोजणाऱ्या त्या झडपेच्या पुढे चोरून शिरलेली हवा अजिबात चालत नाही, कारण तिचा हिशोबच झालेला नसतो, रबरी पाईपला एखादी चीर गेली तरी इंजिन धडपडतं. याची एक सोपी चाचणी आहे, गाडी आयडलवर, म्हणजे रेस न देता नुसती चालू ठेवून इंजिन ऑईलचं झाकण उघडायचं. इंजिन अडखळलं तर आनंद माना, फरकच पडला नाही तर आधीच कुठेतरी गळती आहे. माझं इंजिन झाकण काढल्याबरोबर मरायला टेकलं आणि मी टाळी वाजवली. बायको गॅलरीतून बघत होती. "अहो, बंद पडतेय म्हणून टाळ्या वाजवताय?" तिला समजावण्यात अर्थ नव्हता.

मग पाण्याच्या टेंपरेचरचा सेन्सर. 20 अंशाला साधारण अडीच हजार ओहम, 80 अंशाला तीनशेच्या आसपास, रीडिंग बरोबर. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून ऐकलं, फुस्स आवाज नाही, म्हणजे हवेची वाट मोकळी. अर्थिंगच्या वायरी घासल्या. सगळं ठणठणीत. इतकी निरोगी गाडी मी आयुष्यात बघितली नव्हती, फक्त ती चालत नव्हती.

आता एकच उपाय उरला, ती मरत असताना तिथे हजर राहायचं. आधी काय जातं, ठिणगी की पेट्रोल, एवढंच बघायचं होतं. पंपाला करंट देणाऱ्या वायरवर एक छोटा बल्ब जोडून डॅशबोर्डवर चिकटवला आणि शेजारी मेहुण्याला बसवलं. काम सोपं, बल्ब आणि आरपीएमचा काटा दोन्हीवर नजर ठेवायची. गाडी गिअरमध्ये पळत असताना इंजिन मेलं तरी चाकं त्याला फिरवत असतात, त्यामुळे काटा झटकन शून्यावर पडला तर इग्निशन, म्हणजे ठिणगी गेली, आणि स्पीडबरोबर सावकाश उतरला तर ठिणगी बहुतेक शाबूत, मग पेट्रोलकडे बघायचं. साहेब पहिले काही किलोमीटर ताठ बसून बघत होते, मग फोन निघाला. आणि अर्थात फोन निघाल्यावरच इंजिन गेलं. मी ओरडलो, काटा बघ काटा!

"दाजी, काटा येतोय की हळूहळू खाली. पण तुमचा बल्ब गेला वाटतं."

बल्ब गेला नव्हता, बल्बचा करंट गेला होता. गाडी अजून थांबली नव्हती आणि मी स्टिअरिंगवर हात आपटून हसत होतो. मेहुण्याने सीटबेल्ट घट्ट केला.

म्हणजे ठिणगी आहे, पंपाकडे करंटच जात नाही, आणि करंट देतो तो पंपाचा रिले, म्हणजे सिग्नलवर आपोआप चालू-बंद होणारा स्विच. हा रिले जरा शहाणा असतो, इग्निशनचे सिग्नल येत असतील तोवरच पंप चालू ठेवतो, म्हणजे ॲक्सिडेंट होऊन इंजिन थांबलं तर पेट्रोल ओतत बसत नाही. त्याच्या जागी वायरचा तुकडा लावून चाचणीपुरतं चालवलं (कायम असं फिरायचं नसतं, वरचंच कारण), तर भर उन्हात गाडी एकदाही बंद पडली नाही.

तरी मला पुरावा हवा होता. रिले परत बसवला, कव्हर काढलं, लांब एक्स्टेन्शन ओढून बायकोचा हेअर ड्रायर आणला आणि इंजिन चालू ठेवून डॅशबोर्डखाली रिलेवर गरम हवा सोडत आडवा झालो. पाय दाराबाहेर. येणारेजाणारे थांबून विचारत होते, गाडी ओली झाली का? थोड्या वेळात इंजिन बंद. गार होऊ दिला, चालू. परत ड्रायर, परत बंद. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती मी सांगितल्यावर बंद पडत होती, म्हणून अजून दोनचार वेळा पाडली. बायको ड्रायर मागायला आली तेव्हाच थांबलो.

भिंगातून बघितलं तर रिलेच्या एका पिनेभोवती सोल्डरला केसाएवढी गोल चीर. गरम झालं की फाकते, गार झालं की जुळते. सोल्डरिंग गनचा एक टिपका, संपला विषय.

परवा त्याच कचरावाल्या मिस्त्रींकडे टायर बघायला थांबलो होतो. काय निघालं शेवटी, त्यांनी विचारलं. मी मोठ्या अभिमानाने रिले, पिन, चीर, ड्रायर सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाले, "मग मी काय म्हणत होतो? करंटमध्ये कचरा."