कॅक्टस ‘कधीही लावा’? मुळीच नाही

बागप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उन्हाळा आला की एक मजकूर फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कॅक्टस वाळवंटातला, त्याला ऋतूचं बंधन नाही. कडक उन्हात लावला तर उलट जोमाने धरतो. ते जमलं नाही तर मृगाचा पाऊस पडला की लावा, गावाकडचा निवडुंग नाही का फांदी खोचली की लागतो! थंडीत मात्र हात लावू नका, झाड झोपलेलं असतं. जगभर मार्च-एप्रिल हाच खरा मुहूर्त.

हे वाचून लोक मे महिन्यात हौसेने कुंड्या आणतात, जुलै-ऑगस्टमध्ये झाडं बुंध्याशी मऊ पडतात, आणि मग ‘माझ्या हाताला झाडं लागत नाहीत’ असं म्हणून कायमची सोडून देतात. याचं मला खरंच वाईट वाटतं. हात चांगलाच असतो, महिना चुकलेला असतो.

‘वाळवंटातला म्हणून ऋतू नाही’ हे वाळवंटातच खरं नाही. अमेरिका आणि मेक्सिकोच्या सीमेवरच्या सोनोरन वाळवंटात सग्वारो हा प्रचंड उंच वाढणारा कॅक्टस असतो. त्याचं बी तिथल्या उन्हाळी पावसाच्या आसपास रुजतं, आणि रोपं जगतात ती बहुतेक पालो व्हर्डेसारख्या झाडांच्या सावलीत. उघड्यावरची ऊन आणि दंव खाऊन मरतात. म्हणजे खुद्द वाळवंटातलं झाडही वेळ आणि आडोसा दोन्ही बघतं. शिवाय सगळे कॅक्टस वाळवंटातले नाहीतच. डिसेंबरच्या सुमारास फुलणारा ख्रिसमस कॅक्टस ब्राझीलच्या किनारी डोंगरांतल्या दमट जंगलात झाडांच्या फांद्यांवर वाढतो.

कडक उन्हाचं म्हणाल, तर नर्सरीतलं झाड बहुधा हिरव्या शेडनेटखाली वाढलेलं असतं. ते काढताना मुळांचे कोवळे पांढरे शेंडे तुटतात, म्हणजे काही दिवस त्याला पाणी ओढता येत नाही. अशा झाडाला नागपूरच्या मे महिन्यातल्या ४४-४५ अंशांत गच्चीवर ठेवलं की नैऋत्येच्या अंगाला पिवळट पांढरा चट्टा उठतो. तो पुढे बुचासारखा कडक होतो आणि जन्मभर जात नाही. कॅक्टस आपली रंध्रं, म्हणजे श्वास घ्यायची बारीक छिद्रं, रात्रीच्या गारव्यात उघडतो, दिवसा मिटून घेतो. रात्रही तापलेली असेल तर त्याचं हे कामच मंदावतं, मग नवी मुळं कुठून फुटणार? झाड हलवण्याआधी कुंडीच्या दक्षिणेकडच्या बाजूला खडूने खूण करा आणि नव्या जागी ती बाजू दक्षिणेलाच ठेवा. एवढ्यानेही पुष्कळ चट्टे टळतात.

पावसाचा सल्ला मात्र सगळ्यात घातक आहे. एखादं पिल्लू, म्हणजे मोठ्या कॅक्टसच्या अंगाला फुटलेलं छोटं रोप, आईपासून कापून बघा. कापलेला भाग ओला, चकचकीत दिसतो. कोरड्या हवेत सावलीत ठेवला तर आठवडाभरात आत ओढला जातो, वर तपकिरी पापुद्रा धरतो, आणि मगच तो मातीत टेकवायचा. मुळांच्या तुटलेल्या टोकांचंही हेच. म्हणून लावल्यावर लगेच पाणी द्यायचं नसतं, आठ दिवस कोरडंच राहू द्यायचं. आता जुलैमधल्या रत्नागिरीत किंवा पणजीत हे कसं साधणार? मुंबईत चार महिन्यांत २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जखम वाळतच नाही, बुरशी आत शिरते, आणि वरून झाड हिरवंगार दिसत असताना आतून काळं पडत जातं. पुण्यात पाऊस त्यामानाने कमी, पण झिमझिम आणि ढगाळ हवा आठवडेच्या आठवडे टिकते, माती सुकत नाही. सोलापूरसारख्या कोरड्या भागात छपराखाली एक वेळ जमेल, तेही पाणी आपल्या हातात असेल तरच.

राहिला गावाकडचा निवडुंग. बांधावर लावतात तो, फांदी मोडली की पांढरा चीक गळणारा निवडुंग कॅक्टस नव्हेच. तो युफोर्बिया, वेगळ्या कुळातला. फड्या निवडुंग खरा कॅक्टस आहे, मूळचा अमेरिकेतला, आणि तो कुठेही लागतो हेही खरं. पण त्याच्या जिवावर कुंडीतल्या मॅमिलेरियासारख्या छोट्या कॅक्टसचा निकाल लावू नये.

थंडीचा आणि मार्च-एप्रिलचा सल्ला थंड देशांतल्या पुस्तकांतून आलेला आहे, आणि तिथे तो बरोबरच आहे. इंग्लंडात हिवाळ्यात ऊन नावालाच असतं, वसंतात झाड जागं होतं आणि पुढे सौम्य उन्हाळा मिळतो. आपल्याकडे मार्चनंतर भाजणारा एप्रिल येतो. कोकणात आणि गोव्यात थंडी म्हणजे रात्री साधारण १७-२० अंश, दिवसा छान ऊन, कोरडी हवा. नोव्हेंबर ते जानेवारी हाच तिथला सर्वांत चांगला काळ. पुणे-नाशिककडे पाऊस पुरता गेल्यावर, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत लावा. निफाडसारख्या ठिकाणी पारा ५-६ अंशांवर येतो, तिथे डिसेंबर-जानेवारी टाळा आणि फेब्रुवारी गाठा. विदर्भात ऑक्टोबर-नोव्हेंबर, फार तर फेब्रुवारी. त्यापुढे नकोच.

परदेशातल्या मराठी मंडळींनीही हा मजकूर डोळे मिटून पाळू नये. मेलबर्नला मार्च-एप्रिल म्हणजे शरद ऋतू, तिथे सप्टेंबर-ऑक्टोबर बघा. न्यू जर्सीत बाहेर लावायचं तर शेवटचं दंव टळू द्या, म्हणजे मे उजाडतो. अमेरिकेतल्या वाळवंटी फिनिक्सला वसंत चालतो, पण जून-जुलैत नवं लावलेलं झाड सावलीच्या कापडाखालीच हवं.

‘मग आमचे शेतकरी ड्रॅगन फ्रूट पावसाळ्यात कसं लावतात?’ असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे, कारण ड्रॅगन फ्रूटही कॅक्टसच. पण तो जंगलात झाडांवर चढणारा वेल, ओलावा सोसणारा. तरीही सांगली-सोलापूरकडचा जाणता शेतकरी कलमं आधी सावलीत सुकवतो, गादीवाफा उंच करतो, पाणी बुंध्याशी साचू देत नाही, आणि पुढच्या एप्रिल-मेमध्ये करपू नये म्हणून वर जाळी टाकायची सोयही बघून ठेवतो.