‘डबा चार सेंटीमीटर लांब, पैसे पाण्यात’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. मालगाडीच्या डब्याच्या मॉडेलचं किट तुम्ही आमच्याकडून नेलं, त्याच्या खोक्यात स्टिकरचा (डब्यावर लावायच्या नावा-नंबरांचा) कागद दुसऱ्याच डब्याचा गेला, ही आमची चूक. माफ करा. खोकी पुतण्याने भरली होती, मी तपासायला पाहिजे होती, तपासली नाहीत. स्टिकरबद्दल माझं दुसरं काहीच म्हणणं नाही.

पण तुम्ही ‘फसवणूक’ हा शब्द लिहिलाय. कारण असं दिलंय की डबा खऱ्यापेक्षा चार सेंटीमीटर लांब आहे, दुकानदाराने खरी मालगाडी बघितलेलीच नाही, अंदाजाने पट्ट्या कापतो आणि 1,150 रुपये घेतो. चूक कागदाची झाली, डब्याची नाही. हे मी चारचौघांत लिहितोय, कारण तुम्ही चारचौघांत लिहिलंय. आमच्या दुकानाचे आजवर नऊच रिव्ह्यू होते, सगळे पाच स्टारचे. तुमचा दहावा. पाचाचं 4.6 झालं. मोठ्या दुकानाला याने काही होत नाही. माझं मागच्या खोलीत एक लेसर कटर, पुढे खेळण्यांचं काउंटर, एवढंच आहे.

तुम्ही नेलेलं किट बीसीएनए या प्रकारच्या मालडब्याचं आहे. खोक्यावर तेच छापलंय, बिलावरही तेच आहे. होटगीला उभ्या असलेल्या ज्या डब्याचा फोटो तुम्ही पुरावा म्हणून जोडलाय, तो बीसीएनएचएल. फोटो मोठा करून बघा, डब्याच्या अंगावर रंगवलेली अक्षरं स्पष्ट वाचता येतात. दोन्ही बंद डबे, दोन्हींतून धान्य, खत, सिमेंटची पोती जातात, आणि फलाटावरून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात. यात तुमचा काही दोष नाही. पण खरा बीसीएनए कपलिंगपासून कपलिंगपर्यंत 14,450 मिलिमीटर भरतो. आमचं किट एचओ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या 1:87 प्रमाणातलं. भागून बघा, 166 मिलिमीटर येतात. तुम्ही पट्टी लावून मोजलेला आकडा तुम्हीच लिहिलाय: ‘साडेसोळा सेंटीमीटरच्या जरा वर’. अहो, मग बरोबरच आहे की! खरा बीसीएनएचएल 10,963 मिलिमीटर. त्याला 87 ने भागलं की 126. मधला फरक 40 मिलिमीटर. तुमचे चार सेंटीमीटर ते हेच. माझा डबा वाढलेला नाही, तुमच्या फोटोतला डबा वेगळा आहे.

आता तुम्ही म्हणाल, कागदावर तर बीसीएनएचएल लिहिलं होतं. हो, लिहिलं होतं. त्याची माफी वर मागितली आहे.

खरी मालगाडी बघितली नाही, हे वाक्य मला जास्त लागलं. माझे वडील रेल्वेत टीएक्सआर (गाड्यांचे डबे तपासणारे) होते, सोलापूर यार्डात, 2003 ला निवृत्त झाले. चाकावर हातोडी मारून नुसत्या आवाजावरून ते सांगायचे की हे चाक पुढे जाऊ द्यायचं का नाही. तुमचा फोटो मी त्यांना दाखवला. चष्मा लावायच्या आधीच म्हणाले, “हे आमच्या वेळचं नाही, आखूड आहे.” त्यांच्या वेळी बीसीएन होता, तो तर आणखी लांब, 15,429 मिलिमीटर. एचओत तो 177 येतो. म्हणजे एकाच घराण्यातले तीन बंद डबे आणि तीन लांब्या: 177, 166, 126. यातला कुठला हवा ते ठरवल्याशिवाय ‘खऱ्यासारखा’ या शब्दाला काही अर्थच राहत नाही.

आखूड का केला, हेही सांगतो, नाहीतर कुणाला वाटेल रेल्वेनेच पत्रा वाचवला. मालगाडी बाजूला घ्यायची तर ती स्टेशनच्या लूप लाइनमध्ये (मेन लाइनशेजारच्या जादा रुळावर) पूर्ण मावली पाहिजे, नाहीतर शेपूट मेन लाइनवर राहतं आणि मागच्या गाड्या अडकतात. म्हणजे गाडीची एकूण लांबी ठरलेली. तेवढ्यातच माल जास्त न्यायचा तर डबा हलका, आखूड आणि भरायला मोठा पाहिजे. रिकामा बीसीएनए 24.55 टनांचा, रिकामा एचएल 20.8 टनांचा. बीसीएनएच्या मूळ आराखड्यात एका एक्सलवर (चाकांच्या एका जोडीवर) 20.32 टन धरलेत, एचएलला 22.9. म्हणून एचएल लांबीला कमी आणि रुंदीला जास्त आहे. बीसीएनएच्या रेकला, म्हणजे अख्ख्या गाडीला, साधारण 42 डबे लागतात, एचएलच्या रेकला 58. पुढच्या वेळी फाटकावर अडकलात तर मोजा, डब्यावरची अक्षरं वाचायचीही गरज पडणार नाही.

नंबरबद्दल तुम्ही लिहिलंय की ‘कसलेही अकरा आकडे छापलेत’. कसलेही नाहीत. वॅगनच्या नंबरात पहिले दोन आकडे डब्याचा प्रकार सांगतात, पुढचे दोन कुठल्या रेल्वेचा ते (मध्य रेल्वेचे 01), मग दोन बांधणीच्या वर्षाचे, मग चार आकडे त्या डब्याचे स्वतःचे, आणि शेवटचा पडताळणीचा. एवढं बघूनच आम्ही छापतो. तो कागद एचएलच्या डब्यावर लावला असता तर तुम्हाला एक आकडा चुकीचा सापडला नसता. बीसीएनएवर लावला म्हणून सगळंच विचित्र दिसलं. हे पुन्हा कागदावरच आलं, असो.

एका बाबतीत मात्र तुमचं बरोबर आहे, आणि ते तुम्ही एका ओळीत उरकलंय: ‘चाकंही बारीक’. आहेत. खऱ्या डब्याखालच्या कॅसनब बोगीची (बोगी म्हणजे खालचा चाकांचा सांगाडा, आपण बोलताना अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो तो घोळ वेगळा) चाकं 1,000 मिलिमीटर व्यासाची. एचओत ती साडेअकरा मिलिमीटरची पाहिजेत. तयार मिळतात ती अमेरिकन मालडब्यांच्या मापाची: 33 इंची, म्हणजे एचओत 9.6, नाहीतर 36 इंची, म्हणजे 10.5. मी महागातली 36 इंची घालतो, तरीही एक मिलिमीटर कमी पडतं. दोन चाकांमधलं अंतर मात्र खऱ्याच्या मापाचं, 2,000 चे 23 मिलिमीटर, ते आमचं आम्ही कापतो.

आणि रुळाचं तर विचारूच नका. एचओच्या दोन रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर. ते परदेशातल्या 1,435 च्या गेजसाठी आहे. आपली ब्रॉडगेज 1,676, म्हणजे हिशेबाने 19.26 पाहिजे. त्यामुळे जगातल्या कुठल्याही दुकानातून एचओ रुळावर चालणारा भारतीय डबा घ्या, तो पावणेतीन मिलिमीटर अरुंद पायांवरच उभा असणार. 1:100 च्या आसपास डबे केले तर याच रुळावर गेज जवळजवळ जुळतं, मी करूनही बघितलंय. पण मग गिऱ्हाइकाच्या घरातल्या इंजिनाशेजारी डबा पिल्लासारखा दिसतो. कुठेतरी तडजोड करावीच लागते, ती रुळात केली. लांबीत नाही केली.

परदेशात हा छंद एवढा जुना, तिथंही हेच रडगाणं आहे. अमेरिकेत 1937 च्या प्रमाण आराखड्यावर बांधलेले 40 फुटी बंद डबे कितीतरी रेल्वे कंपन्यांनी घेतले, पण छताचा पत्रा कुणाचा एक तर कुणाचा दुसरा, टोकाच्या भिंतीवरच्या वळ्या वेगळ्या, दरवाजे वेगळे. एकाच किटावर दहा कंपन्यांची नावं लावली तर त्यातली दोन-तीनच खरी ठरतात. म्हणून तिथले जाणकार आधी फोटो काढतात, डब्याचा नंबर आणि साल बघतात, मग किट घेतात. तुम्ही आधी किट घेतलं, चिकटवलं, रंगवलं, आणि एकोणीस दिवसांनी होटगीला जाऊन फोटो काढला. उलटा क्रम झाला साहेब. राग मानू नका.

‘दुकानदाराला बोलायलाही वेळ नाही’ असंही लिहिलंय. किट घ्यायला तुम्ही आलात ते गड्ड्याच्या दिवसांत, संध्याकाळी सात वाजता. सोलापूरचा माणूस आहात, सिद्धेश्वरांच्या यात्रेत खेळण्यांच्या दुकानाची काय अवस्था असते ते तुम्हाला मी सांगायला नको. पोरं काउंटरवर चढलेली असतात. तरी मी तुम्हाला विचारलं होतं, “बीसीएनए का एचएल?” तुम्ही म्हणालात, “बंद डबा द्या हो कुठलाही.” मी दिला. दुसऱ्यांदा तुम्ही दुपारी दोनला आलात. दीड ते चार आमचं शटर अर्धं खाली असतं, गावातल्या निम्म्या दुकानांचं असतं. तरी मी जेवणावरून उठून आलो. तेव्हा तुम्ही दोन गिऱ्हाइकांसमोर डबा काउंटरवर आपटलात. त्यात एका बाजूची शिडी तुटली. तिचे पैसे मी मागितलेले नाहीत, मागणारही नाही. नंतर फोनवर आपलं ठरलं होतं की मंगळवारी या, बसून बघू. रिव्ह्यू पडला सोमवारी रात्री पावणेबाराला. एक रात्र थांबला असता तर बरं झालं असतं. बायकोने आधी वाचला, मला सकाळी दाखवला.

पैसे परत मागितलेत. चिकटवलेलं, रंगवलेलं किट परत घेऊन मी काय करू? रंगाचे 380 पण मागितलेत, ते तर मला समजलंच नाही. तरी योग्य स्टिकरचा कागद फुकट देतो, शिडी बसवून देतो, आणि एचएलच पाहिजे असेल तर ते किट निम्म्या किमतीत देतो. त्यात मला काही सुटत नाही. यापुढे खोक्यावर डब्याचं नाव आणखी मोठं छापू, आत खऱ्या डब्याच्या मापांचा एक कागदही टाकायचा विचार आहे, छपाईचं जमलं की. पाकिटं मी स्वतः तपासेन, निदान महागाची तरी.

बार्शी लाइट या जुन्या छोट्या रेल्वेच्या डब्याचा टोमणाही वाचला, ‘वर्षभर येतंय, येतंय’. खरंय, येतंयच. ती लाइन 1897 ची, गेज 762 मिलिमीटर, एचओत पावणेनऊ. तयार मिळणारा 9 मिलिमीटरचा रूळ तिला जवळजवळ अंगाबरोबर बसतो, म्हणून तर मला तो डबा करायची एवढी हौस. पण मापं फोटोवरून काढावी लागतात, आणि कुर्डुवाडीच्या जुन्या माणसांकडे फोटो आहेत त्यातल्या प्रत्येकात डब्यापुढे कुणीतरी उभं आहे. अंदाजाने कापायचं असतं तर केव्हाच कापून विकलं असतं. दिवाळीपर्यंत बघतो.

मंगळवार तर गेला. या आठवड्यात कधीही सकाळी अकरानंतर या, दीडच्या आत. डबा आणि होटगीचा मूळ फोटो दोन्ही आणा. वडील दुकानात बसलेले असतात, फोटोतल्या डब्याच्या बोगीजवळ त्यांना काहीतरी खटकलंय, मोठा करून बघायचा म्हणतात.