ट्रॉलरवरून परत टाकलेली बारीक मासळी जगते?

ग्रुपवर फिरतंय की सुंगटांसोबत, म्हणजे कोळंबीसोबत, जाळ्यात येणारी बारीक मासळी परत समुद्रात सोडतात, ती जगते, म्हणजे नुकसान काहीच नाही. अहो, तसं नसतं हो. ट्रॉलचं जाळं तळावरून तास-दोन तास ओढत नेतात, शेवटच्या पिशवीत लेपे, ढोमे, बांगड्याची पिल्लं सगळी एकमेकांखाली चेपतात, वर ओढताना दाब उतरून कितींच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, वर डेकवर उन्हात निवडानिवड. कुर्ल्या, म्हणजे खेकडे, काही तग धरतात, मासे बहुतेक मेलेलेच. आणि सगळं परत टाकतात तरी कुठे, बरंच जेटीवर उतरून फिशमीलला, म्हणजे मासळीची भुकटी करायला जातं! १ जून ते ३१ जुलैची पावसाळी मासेमारी बंदी आहे, ठीक, पण जाळ्याची भोकं बारीकच राहिली तर ऑगस्टात परत तेच.