दोन मिलिमीटरची गोळी

मोठ्या माणसांच्या गोळीचे चार तुकडे करायचे, त्यातला एक दोन चमच्यांमध्ये चुरडायचा, पाण्यात कालवायचा आणि तान्ह्या बाळाला पाजायचा, हा प्रकार मी अनेक पालकांकडून ऐकला आहे. गोळ्या विकसित करण्याच्या कामात असल्यामुळे तो ऐकताना दर वेळी मला अस्वस्थ व्हायला होते. चार तुकडे कधीच सारखे पडत नाहीत, थोडा चुरा चमच्यालाच चिकटून राहतो, आणि गोळीवर जठरातल्या आम्लापासून वाचवणारे आवरण असेल तर ते चुरडतानाच नष्ट होते. एवढ्या काळजीने दिलेल्या औषधाची मात्रा शेवटी अंदाजपंचेच ठरते.

पातळ औषध हा त्यावरचा रूढ उपाय आहे, पण त्याला मी निर्धोक मानत नाही. पाण्यात न विरघळणाऱ्या औषधासाठी दुसरा द्रावक शोधावा लागतो, टिकण्यासाठी परिरक्षक घालावे लागते आणि कडू चव तर पुरती लपतच नाही. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे जंतुसंसर्गावरचे औषध डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रावकात विरघळवून विकले गेले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली, त्यांत अनेक मुले होती. त्यांचा जीव घेतला तो औषधाने नव्हे, द्रावकाने.

म्हणून माझे ठाम मत आहे की कमी मात्रेच्या औषधांसाठी मुलांना प्रथम मिनी-टॅब्लेटच द्यायला हवी, म्हणजे साधारण तीन मिलिमीटर किंवा त्याहून कमी व्यासाची गोळी. एवढ्या लहान मुलाच्या घशात गोळी अडकेल, ही भीती मलाही होती. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या ३०६ मुलांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र दोन मिलिमीटरची गोळी मुलांनी सिरपपेक्षा अधिक चांगली स्वीकारली. पुढे त्याच शहरात नवजात बाळांवरही असा अभ्यास झाला.

लहान आकाराचा लाभ केवळ गिळण्यापुरता नाही. मोठी अखंड गोळी जेवणानंतर जठरात बराच वेळ अडकून राहू शकते, तर अशा बारीक गोळ्या अन्नाबरोबर पुढे सरकतात. शिवाय औषध हळूहळू सोडणारी एकच मोठी गोळी फुटली तर सारी मात्रा एकदम सुटते. तीच मात्रा वीस गोळ्यांत वाटलेली असेल, तर एकीचे आवरण बिघडले तरी फारसे बिघडत नाही.

मग त्या सर्वत्र का दिसत नाहीत, याचे उत्तर यंत्राजवळ उभे राहिल्यावर कळते. पावडर दाबून गोळी घडवणाऱ्या एका पंचाला अनेक बारीक टोके असतात आणि त्यातले एक जरी वाकले तरी डाय, म्हणजे गोळीचा साचा, खराब होते. दोन मिलिमीटरच्या छिद्रात पावडर सारखी भरायची तर ग्रॅन्यूल, म्हणजे पावडरचे दाणे, अगदी बारीक हवेत, आणि बारीक पावडर नीट वाहत नाही. गोळीचे वजन जेमतेम सात मिलिग्रॅम. त्यात अर्ध्या मिलिग्रॅमची चूक झाली तर फरक सात टक्के पडतो, तर ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत तो जाणवतही नाही. हे सगळे साधता येते, पण त्यासाठी वेळ द्यावा लागतो, आणि तो बहुधा मोठ्या माणसांच्या गोळीला आधी मिळतो.

मर्यादाही खऱ्या आहेत. गोळीत निम्मे औषध धरले तर १५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलसाठी चाळीसहून अधिक गोळ्या लागतील, म्हणून तिथे मी हा आग्रह धरणार नाही. आवरण असलेल्या गोळ्या मुलाने चावल्या तर आवरणाचा उपयोग संपतो, हे पालकांना स्पष्ट सांगायलाच हवे. मात्र हृदयाच्या दुर्बलतेसाठी मुलांना लागणाऱ्या एनालाप्रिलसारख्या औषधाची मात्रा इतकी कमी असते की तिथे हे रूप अगदी चपखल बसते. तोंडात विरघळणारी ०.२५ मिलिग्रॅमची अशी गोळी २०२३ मध्ये युरोपात मंजूरही झाली आहे. अर्थात मध्यरात्री मंद उजेडात सात की आठ गोळ्या पडल्या हे आईला नेमके कळले नाही, तर आमची सारी अचूकता तिथेच संपते. म्हणून मोजण्याचे सोपे साधन किंवा मात्रेनुसार बांधलेली पुडी गोळीसोबतच विकसित व्हायला हवी, ती नंतर जोडायची गोष्ट नाही.