टीमला चौथा माणूस हवाय

रात्री साडेअकराला रनिंग क्लबच्या ग्रुपवर सरांचा मेसेज आला, "डोंगराच्या रेसला टीममध्ये एक जण कमी पडतोय, येतोस ना?" आणि मी अर्धवट झोपेत अंगठा टाकला. आता अंगठा म्हणजे 'मेसेज वाचला' एवढंच माझ्या मनात होतं, पण सकाळी बघतो तर रजिस्ट्रेशन झालेलं, टीशर्टचा साईज पण कोणीतरी परस्पर एल टाकलेला.

या रेसमध्ये टीमचा हिशोब असा असतो की चौघांचे फिनिशचे नंबर मिळवायचे आणि ज्यांची बेरीज सगळ्यात कमी ती टीम जिंकली. म्हणजे चौथा कितीही रडतखडत आला तरी तो आल्याशिवाय बेरीजच होत नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बसमध्ये सांगितलं.

बसमधून उतरलो तर डोंगर गायब. नुसता पांढरा पडदा. एक किलोमीटरच्या पलीकडचं दिसेनासं झालं की त्याला धुकं म्हणतात म्हणे, इथे मला स्वतःचे बूट दिसत होते हेच नशीब. गारठ्याने बोटं इतकी बधिर झालेली की छातीवर नंबरचा कागद, म्हणजे बिब, लावताना चार सेफ्टी पिनांपैकी दोन टीशर्टला लागल्या, एक मला लागली आणि चौथी गवतात गेली. शेवटी क्लबमधल्या ताईंनी, "सर, याला सरळ उभा धरा," म्हणत बिब लावून दिला, लहान मुलाला शाळेत पाठवताना लावतात तसा.

सर म्हणाले, "१० किलोमीटर आणि ६०० मीटर चढ, काही नाही रे." नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक नियम सांगून ठेवलाय, दर पाच किलोमीटरला एक तास आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास, म्हणजे आमचे झाले तीन तास. मी मनात म्हटलं हा तर चालणाऱ्यांचा हिशोब, आपण तर पळणारे. हे वाक्य लक्षात ठेवा.

सुरुवातीचे चारशे मीटर मी खरंच पळालो. मग चढ लागला आणि आजूबाजूचे सगळे गुडघ्यावर हात टेकून चालायला लागले, म्हटलं वा, इथे चालणं चालतं तर! फरक एवढाच की ते चालत चालत पुढे निघून गेले. चष्म्यावर दव, पुसला की परत दव, काढला तर वाटेवरच्या लाल रिबिनी दिसेनात, त्यामुळे एका काचेतून बघायचं आणि दुसरी पुसायची असं चाललेलं. आणि धुक्यात सगळ्यात मोठा धोका म्हणजे माथा. चढ संपला की वाटतं पोचलो, दोन हात वर करावे, तेवढ्यात धुकं जरा विरळ होतं आणि समोर तेवढाच चढ उभा. मी तीनदा हात वर केले. खऱ्या माथ्यावर आलो तेव्हा मुकाट्याने पुढे निघालो होतो, तिथल्या व्हॉलंटियरने हाक मारून सांगितलं की काका, उतार या बाजूला.

उतार म्हणजे आराम, हा माझा आणखी एक गैरसमज. प्रत्येक पावलाला मांड्या ब्रेक मारतात आणि बोटं बुटाच्या टोकावर जाऊन आपटतात. दोन दिवसांनी जिना मी उलटा उतरत होतो ते यामुळेच, असलं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच खरं फुलतं.

शेवटच्या किलोमीटरला माझ्या मागे फक्त स्वीपर होता, म्हणजे सगळ्यात शेवटच्याच्या मागून रिबिनी काढत येणारा. भला माणूस, मी थांबलो की तोही थांबून दूर कुठेतरी बघायचा, दिसत काहीच नव्हतं तरी. खाली कुठूनतरी आमच्या क्लबचा आरडाओरडा ऐकू येत होता. नंतर कळलं की धुक्यातून कोणीही आलं की हे सगळे माझ्या नावाने ओरडत होते, अशा पाच अनोळखी लोकांचं जंगी स्वागत झालं आणि मी खरंच आलो तेव्हा सगळ्यांचे घसे बसलेले, नुसते हात हलवले.

वेळ दोन तास एक्कावन्न मिनिटं. म्हणजे पळून पळून मी नेस्मिथसाहेबांच्या चालण्यातले नऊ मिनिटं वाचवली. आमचे बाकी तिघे १४, २२ आणि ३१ नंबरला आलेले, तिघांची बेरीज ६७, माझा एकट्याचा नंबर १८८. ओल्या कपड्यांत दीड तास कुडकुडत उभ्या राहिलेल्या त्या तिघांनी एक अक्षर काढलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

परतीच्या बसमध्ये सरांनी पुढच्या रेसचा कागद फिरवला. मी ठरवलेलं, या वेळी स्पष्ट नाही लिहायचं. पण बोटं अजून बधिर, पेन दोनदा हातातून पडलं. शेजारच्या ताई म्हणाल्या, "राहू दे, मी लिहिते तुझं," आणि लिहिलं पण. साईज एल.