पिट्सबर्ग सोडलं की पोरं सुधारतात?

काळ्या टोपीवर पिवळा 'पी'. ती टोपी घालून पिट्स कट्ट्यावर आला की नवा माणूस हमखास विचारतो, पुण्याची का? मन्या जुना असल्यामुळे त्यानं थेट खोडच काढली. "काय रे, तुझ्या पायरेट्सनी हाकललेला आणखी कोण चॅम्पियन झाला?"

पिट्सचं पाळण्यातलं नाव आता कुणी घेत नाही. पिट्सबर्गला शिकायला गेला, नोकरीत काही वर्षं राहिला, आणि परत येताना एक हरणारा बेसबॉल संघ गळ्यात बांधून आला. हरणारा म्हणजे किती? १९९३ ते २०१२, सलग २० हंगाम पायरेट्सनी जिंकलेल्यापेक्षा हरलेले सामने जास्त. अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या व्यावसायिक खेळात एवढी लांब साडेसाती दुसऱ्या संघाला लागलेली नाही.

मन्या मूळचा क्रिकेटवाला, पण एखाद्याला छळायचं म्हटलं की अभ्यास करून येतो. त्यानं बोटं मोडत नावं घेतली. गेरिट कोल. २०११च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या वाटपात, पायरेट्सनी पहिल्या क्रमांकावर उचललेला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. २०१७ला त्याचा इआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावा (जितक्या कमी तितकं चांगलं), ४.२६. जानेवारी २०१८मध्ये त्याला ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजला दिला. त्या वर्षी २.८८, पुढच्या वर्षी २.५० आणि ३२६ स्ट्राइकआउट, म्हणजे फलंदाजाला चेंडू मारताच न आल्यानं मिळालेले बळी. मग न्यूयॉर्कच्या यांकीजनी ९ वर्षांसाठी ३२ कोटी ४० लाख डॉलर मोजले. टायलर ग्लासनाउ. पिट्सबर्गला मार खात होता. जुलै २०१८च्या शेवटच्या दिवशी टॅम्पा बेला गेला, २०१९ला दुखापतीमुळे १२च सामन्यांत सुरुवातीचा पिचर म्हणून उतरला, पण इआरए १.७८. त्याच सौद्यात गेलेल्या ऑस्टिन मेडोजनं २०१९ला ३३ होम रन मारले. चार्ली मॉर्टन. पिट्सबर्गला वर्षानुवर्षं पडून होता, २०१७ला वर्ल्ड सीरीजचा, म्हणजे लीगच्या अंतिम मालिकेचा, सातवा सामना ह्यूस्टनला जिंकून दिला.

"आणि बाउटिस्टा राहिलाच," मन्या म्हणाला. होजे बाउटिस्टाला पायरेट्सनी ऑगस्ट २००८मध्ये टोरांटोला देऊन टाकलं. तोवर एका हंगामात १६च्या वर होम रन नव्हते. २०१०ला ५४ मारले, अख्ख्या लीगमध्ये सर्वांत जास्त. बदल्यात मिळालेल्या कॅचरचं, म्हणजे बेसबॉलमधल्या यष्टिरक्षकाचं, नाव आठवायला पिट्सलासुद्धा वेळ लागला. रॉबिन्झन डियाझ.

"२००८लाच आपली दोन पोरं घेतली होती ना यांनी?" वकिलाला मध्येच आठवलं. घेतली होती. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू, एका रिअ‍ॅलिटी शोमधून निवडलेले. दोघंही मेजर लीगपर्यंत, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगपर्यंत, पोचले नाहीत. रिंकू पुढे अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीत गेला आणि तिथं गाजला. "बघा!" मन्या ओरडला. "तोपण पायरेट्स सोडल्यावर!"

हे जरा अतिच झालं. पण हशा पिकला.

सरांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. सर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे, आम्ही सगळे त्यांना अहो-जाहो करतो, आणि ते ग्लास खाली ठेवतात तेव्हा पुढची दहा मिनिटं कुणाचीच नसतात. "पहिल्या चाचणीत सगळ्यात कमी मार्क मिळालेली दहा मुलं घ्या," सर म्हणाले. "दुसऱ्या चाचणीत त्यातली बरीचशी वर येतात. मी काही शिकवलं नाही तरी येतात. कारण पहिल्या वेळी त्यांच्या अज्ञानाबरोबर त्यांचं दुर्दैवही मोजलं गेलेलं असतं. संघ माणूस कधी देऊन टाकतो? तळाला गेल्यावर. तळाला गेलेला माणूस वरच येणार. आणि जो आला नाही त्याचं नाव मन्या घेणार नाही."

मग सरांनी एक जोडी काढली, आणि माझ्या मते त्या संध्याकाळचा सर्वांत चांगला दाखला तोच होता. लुकास जिओलिटो आणि रेनाल्डो लोपेझ, दोघे पिचर. डिसेंबर २०१६मध्ये वॉशिंग्टननं दोघांना एकाच सौद्यात शिकागो व्हाइट सॉक्सला दिलं. जुलै २०२३मध्ये व्हाइट सॉक्सनी, त्या वर्षी १०१ सामने हरताना, दोघांना एकदमच एंजल्सला दिलं. महिनाभरात एंजल्सनी खर्च वाचवायला दोघांना सोडलं, आणि क्लीव्हलंडनं दोघांनाही उचललं. जिओलिटोला बुडत्या जहाजावरून उतरून काय मिळालं? एंजल्सकडे इआरए ६.८९, क्लीव्हलंडकडे ७.०४. लोपेझ पुढच्या वर्षी अटलांटाला गेला. तिथं त्याला शेवटी-शेवटी येणाऱ्या रिलीव्हरचा पुन्हा सुरुवातीचा पिचर केला, आणि इआरए आला १.९९. एकाच दारातून बाहेर पडलेली दोन माणसं. "आता सांगा," सर म्हणाले, "दार सोडल्यानं काय झालं?"

मन्या गप्प. पिट्स मात्र उसळला, आणि गंमत म्हणजे सरांच्या विरुद्ध, मन्याच्या बाजूनं. आपल्या संघाची अब्रू वाचवायची संधी सर देत होते, ती या पठ्ठ्यानं घेतली नाही.

"सर, नशीब मान्य. पण कोलचं नशीब नाही बदललं, चेंडू बदलला. तुम्ही आकडे बघता, मी तिथं बसून बघितलंय."

पिट्सबर्गचा एक संप्रदाय होता. पिचिंग कोच रे सीरेज. शिकवण अशी: चेंडू खाली टाका, बुडणारा टाका, सिंकर. फलंदाजाला मारू द्या, पण जमिनीवर मारू द्या. आपण फील्डर आधीच तिथं नेऊन उभे करू. स्ट्राइकआउटच्या मागे धावू नका, थोड्या चेंडूंत इनिंग संपवा. "आणि हे चुकीचं नव्हतं हं," पिट्स म्हणाला. "याच शिकवणीनं आमची साडेसाती संपली." २०१३ला ९४ विजय, २०१५ला ९८. त्या काळात चित्र नेमकं उलटं होतं. इतरांनी टाकून दिलेले पिचर पिट्सबर्गला येऊन सुधारायचे. फ्रान्सिस्को लिरियानोचा इआरए २०१२ला ५.३४ होता, पायरेट्सकडे आल्यावर ३.०२. जे. ए. हॅप सिएटलला झोडला जात होता. जुलै २०१५च्या शेवटी आला आणि उरलेल्या हंगामात १.८५.

इथं मला थांबावंसं वाटतं, कारण वादात हे सगळ्यांच्या हातून निसटलं. ज्या गावाहून सुटल्यावर माणसं फुलतात म्हणून आपण हसतो, तेच गाव दोन-तीन वर्षं आधी माणसं फुलवत होतं. कोच तोच. शिकवण तीच. मधल्या काळात बदलले ते फलंदाज. खाली येणारा चेंडू खालून वर उचलायचा, जमिनीवर मारायचाच नाही, असा स्विंग सगळीकडे पसरला. सिंकर हा त्या स्विंगला वाढून दिलेला घास ठरला. पिट्सबर्गनं शिकवण बदलली नाही. आपल्याला तारलेली गोष्ट कुणी सहजासहजी टाकत नाही, आणि गरीब संघ तर नाहीच.

ह्यूस्टननं कोलला सांगितलं ते फार मोठं गुपित नव्हतं. सिंकर जवळजवळ बंद कर. सरळ वेगवान चेंडू, फोर-सीम, वरच्या टोकाला टाक. कर्व्ह आणि स्लायडर, हे वळणारे चेंडू वाढव. हात तोच होता. ग्लासनाउच्या बाबतीतही तसंच: पायरेट्सनी त्याला २०१८ला रिलीव्हर करून बसवलं होतं, टॅम्पानं पहिल्यापासून बॉल हातात दिला आणि वर टाक म्हणून सांगितलं.

"ह्यूस्टन?" वकिलानं डोळे बारीक केले. "समोरच्या संघाच्या खुणा चोरून डबडं बडवून पोचवणारे ते? चौकशीत सिद्ध झालंय, जानेवारी २०२०मध्ये निकाल लागलाय."

"डबडं त्यांच्या फलंदाजांसाठी वाजायचं. कोलला काय फायदा? आणि तो तर त्यानंतर आला," पिट्स म्हणाला.

"पिचरला डिंक असतो."

हाही खोटा मुद्दा नाही. चेंडूवर पकड यावी म्हणून चिकट पदार्थ लावायची चाल लीगभर होती. जून २०२१मध्ये कोलला पत्रकारानं थेट विचारलं, तू तो पदार्थ वापरलास का, तेव्हा त्याला धड हो म्हणता आलं नाही की नाही. त्याच महिन्यात अंपायरांनी पिचरांची तपासणी सुरू केली. वकील खुशीत होता. पण मग पिट्सनं विचारलं की तपासण्या सुरू झाल्यावर दोन वर्षांनी, २०२३ला, त्याच कोलला एकमतानं साय यंग, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचं बक्षीस, कसं मिळालं? वकिलानं चहा मागवला. वकील चहा मागवतो तेव्हा त्याच्याकडे उत्तर नसतं.

मन्यानं नवा मोर्चा उघडला. म्हणे, तंत्रबिंत्र सोडा, जिंकणाऱ्या ड्रेसिंग रूममध्ये गेलं की माणसाला हुरूप येतो. जस्टिन व्हरलँडर बघा. २०१७चं डेट्रॉइट, ९८ पराभव. ३१ ऑगस्टला, मुदत संपता संपता, ३४ वर्षांचा व्हरलँडर ह्यूस्टनला गेला. पाच सामने, पाच विजय, इआरए १.०६, आणि मग वर्ल्ड सीरीजही जिंकली. पाच सामन्यांत कोण काय नवं शिकतं? हुरूपच तो!

यावर मी तोंड उघडलं. मला हा हुरूपवाद पटत नाही, आणि त्याला एकच नाव पुरतं: जेक अ‍ॅरिएटा. बाल्टिमोरकडे त्याचा इआरए ५.४६. आणि बाल्टिमोर त्या वेळी बुडालेला संघ नव्हता. २०१२ला ९३ सामने जिंकून प्लेऑफ खेळला होता. जुलै २०१३मध्ये अ‍ॅरिएटा गेला कुठं, तर शिकागो कब्जकडे, ज्यांनी त्या वर्षी ९६ सामने गमावले. चांगल्या घरातून पडक्या वाड्यात. आणि तिथं तो फुलला. कारण त्याची टाकण्याची ढब तिरकी होती, पाय आडवा टाकून शरीराच्या पलीकडून हात आणायचा. बाल्टिमोरला ती सरळ करायची होती. कब्जनी म्हटलं, तुला जसं येतं तसं टाक. २०१५ला २२ विजय, ६ पराभव, इआरए १.७७, साय यंग.

"त्याचं नाव काढू नकोस," पिट्स म्हणाला.

७ ऑक्टोबर २०१५. ९८ सामने जिंकूनही पायरेट्सना पुढं जायला एकच सामना मिळाला होता, घरच्या पीएनसी पार्कवर, कब्जविरुद्ध. अ‍ॅरिएटानं नऊच्या नऊ इनिंग टाकल्या, ११ जणांना स्ट्राइकआउट केलं आणि एकही धाव दिली नाही. ४-०. हरलेला पिचर गेरिट कोल. म्हणजे दुसरीकडून सुटून फुललेल्या माणसानं, पुढं पिट्सबर्गहून सुटून फुलणाऱ्या माणसाला हरवलं. पिट्स त्या रात्री स्टेडियममध्ये होता. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि थोडा वेळ रस्त्याकडे बघत बसला.

"आणि ह्यूस्टनचंही फार कौतुक नको," सर म्हणाले. त्यांना आता चेव आला होता. हाच तो शहाणा संघ, २०१३ला १११ सामने हरलेला. त्यांच्याकडे जे. डी. मार्टिनेझ होता. पोरानं हिवाळाभर राबून आपला स्विंग नव्यानं बांधला, आणि मार्च २०१४मध्ये, सराव सामन्यांत तो धड बघायच्याही आत, ह्यूस्टननं त्याला सोडून दिलं. डेट्रॉइटनं घेतला. त्याच हंगामात फलंदाजीची सरासरी .३१५, म्हणजे उत्तमच, आणि २३ होम रन. २०१८ला बॉस्टनकडून ४३ होम रन, आणि वर्ल्ड सीरीज.

"सोडून गेला, सोडून गेला काय म्हणताय सारखं," वकिलाला आपला प्रांत सापडला. "तुम्ही घेतलेल्या नावांपैकी स्वतःच्या मनानं गेलंय कोण? मेजर लीगमध्ये साधारण सहा वर्षांची सेवा भरेपर्यंत खेळाडू संघाच्या ताब्यात. तोवर तो जात नाही, त्याला देतात. आयपीएलसारखं दर तीन वर्षांनी लिलावात उतरायची सोय नाही. मनानं गेला तो ओटानी. सहा वर्षं एंजल्सकडे काढली, प्लेऑफचं तोंड नाही बघितलं, मग डॉजर्स. लगेच २०२४, २०२५, दोन्ही वर्ल्ड सीरीज."

"पण ओटानी एंजल्सकडेही दोनदा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू, होताच," मन्या म्हणाला, आणि आपण स्वतःचाच मुद्दा कापतोय हे त्याच्या लक्षात यायला अर्धा मिनिट लागला. "माइक ट्राउट तर अजून तिथंच आहे. एवढ्या कारकिर्दीत प्लेऑफचे सामने किती? तीन. सगळे २०१४चे."

मग अर्थातच पॉल स्कीन्सवर गाडी आली. ती येणारच होती, पिट्स संध्याकाळभर त्याचीच वाट बघत आणि त्यालाच घाबरत होता. २०२३च्या ड्राफ्टमधला पहिला क्रमांक, पुन्हा पायरेट्स. २०२४ला इआरए १.९६ आणि रूकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवखा. २०२५ला १.९७, एकमतानं साय यंग. आणि पिचरच्या नावावर लागणारे विजय-पराभव? १०-१०. कारण संघ ९१ सामने हरला. पोरानं एक धाव द्यायची आणि फलंदाजांनी तेवढीही काढायची नाही.

"याला यांकीज काय शिकवणार?" मी म्हटलं. "याचं काहीच दाबून ठेवलेलं नाही. हा गेला तर फक्त विजयाचा रकाना सुधारेल."

"तो रकाना असतोच की कशासाठी तरी," मन्या म्हणाला.

"सर, तुमचं गणित काय म्हणतं?"

"माझं गणित म्हणतं, इतका कमी इआरए कायम राहत नाही. कुठंही. गेला तर लोक म्हणतील नव्या संघानं बिघडवला."

पिट्सनं टोपी पुन्हा चढवली. "मला तो जायला नकोय. पण तिथं सडायलाही नकोय. काय करू?"

"काही करू नकोस," वकील म्हणाला. "२०२९चा हंगाम संपेपर्यंत तो तुमच्या ताब्यात आहे. मालकाला वाटलं तर त्याच्याआधी विकेल. तुला विचारायला फोन येणार नाही."

"विकला तर बदल्यात कोण मिळेल?" मन्यानं विचारलं.

"कॅचर," पिट्स म्हणाला.