डिस्क म्हणजे नुसती किल्लीच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'कन्सोल घ्यायचा तर डिस्कवालाच घ्या' या लेखावर तुम्ही वेळ काढून सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. (कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र. डिस्कवाल्यात गेमची डिस्क घालता येते, डिजिटलमध्ये गेम फक्त इंटरनेटवरून विकत घेऊन उतरवायचे.) ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचे मुद्दे थोडक्यात देतो. डिस्क आता नुसती किल्ली उरली आहे, गेम शेवटी इंटरनेटवरूनच उतरवावा लागतो. पहिल्याच दिवशी इतका मोठा अपडेट येतो की डिस्कवरच्या प्रतीला अर्थ राहत नाही. डिस्क घेतली तरी कायद्याने आपण मालक नसतोच. डिस्कवर चरे पडतात, खात्यातल्या गेमला काही होत नाही. सेलमध्ये डिजिटल स्वस्त पडतं. तुम्ही स्वतः डिजिटल कन्सोल घेतला आहे. आणि शेवटी, 'जुन्या सवयीपायी लोकांना दहा हजार जास्त घालायला लावू नका.'

मालकीचं आधी घेतो, कारण तिथे चूक माझी आहे. 'डिस्क घेतली की गेम आपला' असं मी लिहिलं होतं, ते वाक्य सैल होतं. डिस्क विकत घेतली तरी आतल्या सॉफ्टवेअरचा फक्त परवानाच मिळतो. 'द क्रू' हा युबिसॉफ्टचा २०१४ चा रेसिंग गेम. तो सतत सर्व्हरशी जोडलेला असायचा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि त्या दिवसापासून त्याची डिस्कही निरुपयोगी झाली. एकट्याने खेळायचा मोठा भाग त्यात होता, तोही गेला. जो गेम सर्व्हरशिवाय उभाच राहत नाही, त्याची डिस्क घेतली काय आणि डिजिटल घेतला काय, फरक नाही. मूळ लेखात हे यायलाच हवं होतं.

पण 'डिस्क म्हणजे नुसती किल्ली' हे सगळ्या डिस्कना लावू नका. काही डिस्क खरोखरच तशा असतात. २०२२ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २' ची पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५ कन्सोल) डिस्क घ्या. तिच्यावर जेमतेम ७० एमबीच्या आसपास डेटा होता, बाकी सगळा गेम उतरवायचा. निन्टेंडोने तर आपल्या स्विच २ या कन्सोलबरोबर, जून २०२५ मध्ये, 'गेम-की कार्ड' हा प्रकारच आणला. कार्डात गेम नसतो. पहिल्यांदा तो इंटरनेटवरून उतरवायचा आणि नंतर खेळताना दर वेळी कार्ड खोबणीत घालायचं. म्हणजे डाउनलोडची कटकट आणि कार्ड सांभाळायची कटकट, दोन्ही गळ्यात. मला हा प्रकार अजिबात मान्य नाही. त्याच स्विच २ वर 'सायबरपंक २०७७' अख्खा ६४ जीबीच्या कार्डावर आला, म्हणजे मनात असेल तर जमतं. निन्टेंडोचा माल आपल्याकडे बाहेरून आणलेलाच मिळतो, त्यामुळे दुकानात खोक्याच्या पुढच्या बाजूची गेम-की कार्डाची पट्टी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

उलट बाजूला 'होरायझन झीरो डॉन'ची कम्प्लीट एडिशन आहे. मूळ गेम आणि 'फ्रोझन वाइल्ड्स' हा त्याचा जादा भाग, दोन्ही डिस्कवरच. पीएस४ ची ब्लू-रे डिस्क ५० जीबीपर्यंत घेते, पीएस५ ची १०० जीबीपर्यंत. बहुतेक एकट्याने खेळायचे गेम त्यात बसतात.

मग आपल्या हातातली डिस्क कुठल्या जातीची, हे ओळखायचं कसं? अंदाज बांधू नका, तपासून बघा. पीएस५ वर सेटिंग्ज, नेटवर्क, पुन्हा सेटिंग्ज असं जाऊन 'कनेक्ट टू द इंटरनेट' बंद करा. गेम आधीच टाकलेला असेल तर काढून टाका. सेव्ह, म्हणजे खेळाची साठवलेली प्रगती, वेगळे राहतात, गेम काढल्याने ते जात नाहीत. आता डिस्क घाला आणि कॉपी पूर्ण होऊ द्या. गेमच्या चित्रावर येऊन कंट्रोलरचं ऑप्शन्स बटण दाबा आणि 'इन्फर्मेशन'मध्ये आवृत्तीचा आकडा बघा. डिस्कवर दाबलेली आवृत्ती ती हीच. मग गेम सुरू करून पहिली लढाई किंवा पहिला टप्पा संपेपर्यंत खेळा, कारण काही गेम मेन्यूपर्यंत छान जातात आणि 'नवा गेम' म्हटलं की डाउनलोड मागतात. सेकंडहँड डिस्क घेताना विकणाऱ्याच्या कन्सोलवर एवढं करायला सांगितलं तर त्यात गैर काही नाही. घाई असेल तर निदान खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा. 'इंटरनेट आवश्यक' किंवा 'डाउनलोड आवश्यक' असं तिथे छापलेलं असतं.

अपडेटबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. 'सायबरपंक' डिसेंबर २०२० मध्ये पीएस४ वर ज्या अवस्थेत आला, ती प्रत जपून ठेवावी अशी नव्हतीच. सोनीने आठवड्याभरात तो स्वतःच्या स्टोअरवरून काढला आणि जून २०२१ मध्ये परत विक्रीला ठेवला. म्हणून मी म्हणेन, पहिल्या दिवशी डिस्क घेऊ नका. वर्ष-दीड वर्षाने येणारी पूर्ण आवृत्ती घ्या, फक्त जादा भाग डिस्कवर आहे की खोक्यात नुसता कोड टाकलाय, ते बघून. पण अपडेट म्हणजे दर वेळी सुधारणाच, असंही नाही. 'जीटीए ४' या गेममधल्या गाण्यांचे परवाने दहा वर्षांचे होते. ते संपले तसे एप्रिल २०१८ च्या अपडेटने गेममधल्या रेडिओवरची कित्येक गाणी काढून टाकली, आणि त्यातल्या व्लादिवोस्तोक एफएम या स्टेशनला सगळ्यात जास्त कात्री लागली. ज्याच्याकडे पीएस३ ची डिस्क आहे आणि कन्सोल नेटला जोडलेला नाही, त्याच्याकडे ती गाणी आजही वाजतात.

'खात्यातल्या गेमला काही होत नाही' याबद्दल: निन्टेंडोने ३डीएस आणि वी यू या आपल्या जुन्या यंत्रांचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला बंद केलं, मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० चं २९ जुलै २०२४ ला. ज्यांनी आधी घेतलं होतं त्यांना ते पुन्हा उतरवता येतं, हे मान्य. पण आज कोणी जुना ३६० घेतला तर फक्त डिजिटल आलेले गेम त्याला त्यावर विकत मिळणार नाहीत, डिस्कवर आलेले मात्र जुन्या बाजारात मिळतील. गाड्यांच्या आणि गाण्यांच्या परवान्यांमुळे 'फोर्झा होरायझन ४' डिसेंबर २०२४ मध्ये विक्रीतून गेला. आता तो नव्याने हवा असेल तर डिस्क शोधण्याला पर्याय नाही.

चऱ्यांचं मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण 'सीडी खराब होते' हे सरसकट म्हटलं जातं. पीएस१ ची सीडी, पीएस२ ची डीव्हीडी आणि पीएस३ पासून पुढची ब्लू-रे यांची रचना वेगवेगळी आहे. सीडीत डेटाचा थर छापील बाजूच्या अगदी खाली असतो. म्हणून चकचकीत बाजूपेक्षा वरच्या छपाईवरचा चरा जास्त घातक. त्यावर चिकटपट्टी लावून ओढलीत तर डेटाच निघून येतो. डीव्हीडीत तो थर मधोमध, दोन्ही बाजूंनी ०.६ मिलिमीटरवर. त्यामुळे खालच्या बाजूचे वरवरचे चरे पॉलिश करून घालवता येतात. ब्लू-रेत थर वाचण्याच्या बाजूपासून फक्त ०.१ मिलिमीटरवर असतो आणि वर कडक लेप असतो. साध्या हाताळणीने चरा पडत नाही, पण लेप फोडून चरा आत गेला की संपलं. ब्लू-रे पॉलिशच्या मशीनमध्ये कधीही देऊ नका, संरक्षणाचा लेपच घासून जातो.

पुसताना मऊ, कोरडं मायक्रोफायबर कापड घ्या आणि मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल फिरवू नका. डेटा गोलाकार मार्गावर लिहिलेला असतो. आडवा चरा प्रत्येक फेरीत थोडासाच भाग तोडतो आणि ड्राइव्ह तो हिशेबाने भरून काढतो. गोल चरा मात्र एकाच मार्गावरचा सलग तुकडा खातो, तो भरून निघत नाही. कोकणात, गोव्यात पावसाळ्यात खोक्यांबरोबर सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, म्हणजे छापील कागदाला बुरशी धरणार नाही.

आता दहा हजारांचा हिशेब. पीएस५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० आणि डिजिटल ३९,९९० ला होता. नंतरचं बारीक मॉडेल, पीएस५ स्लिम, २०२४ मध्ये इथे आलं तेव्हाही फरक तेवढाच होता, ५४,९९० आणि ४४,९९०. समजा ४,९९९ चा गेम संपवून तुम्ही ३,००० ला विकलात, तर तो १,९९९ ला पडला. सेलमध्ये तोच डिजिटल, समजा, २,५०० ला मिळाला तर दर गेममागे पाचशेचाच फरक, आणि दहा हजार वसूल व्हायला वीस गेम लागतात. पण सेलची वाट बघायला वर्ष जातं. गेम आल्या आल्या पूर्ण किमतीला घेणाऱ्याचे पैसे डिस्कमुळे चार-पाच गेममध्येच वसूल होतात. तुम्ही वर्षाला दोन गेम, तेही सेलमध्ये घेत असाल, तर तुमचा निर्णय पैशाच्या बाजूने योग्यच आहे.

डिजिटल कन्सोल घेतलाच आहे म्हणता, तर दोन गोष्टी आजच करा. सेटिंग्ज, 'यूझर्स अँड अकाउंट्स', 'अदर' इथे 'कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले' सुरू आहे का बघा. ते बंद असेल तर नेट गेलेल्या दिवशी विकत घेतलेले गेमही कुलूप दाखवतात. आणि खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावून बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा, कारण तुमची सगळी लायब्ररी त्या एका खात्यावर आहे. पुढेमागे डिस्क हवीशी वाटली तर स्लिमला सुटा ड्राइव्ह बसतो. तो जोडताना एकदा इंटरनेट लागतंच, आणि दुसऱ्या कन्सोलला लावला तर पुन्हा लागतं. त्यामुळे ड्राइव्ह घेतलात तर खोक्यात ठेवून देऊ नका, आणल्या दिवशीच जोडून टाका.